कुत्रं अचानक मलूल पडलंय, खात नाही: गोचीड तापाची शंका आली की काय तपासायचं

काल संध्याकाळी दूधवाल्यावर भुंकून गल्ली डोक्यावर घेतलेलं कुत्रं सकाळी कोपऱ्यातून उठत नाही. हाक मारली की शेपटीचं टोक तेवढं हलतं. दूध-भाकरी पुढे ठेवली की हुंगतं आणि तोंड फिरवतं. आमच्या वाईच्या घरी हे नऊ वर्षांत सहा वेळा झालंय, तीन कुत्र्यांना मिळून: गावठी मोती, लॅब्रॅडॉर राणी आणि सध्याचा कारवानी वाघ्या. सहापैकी पाच वेळा गोचीड ताप निघाला, ज्याला आता सगळेच टिक फीवर म्हणतात. एकदा भलतंच निघालं, ते पुढे येईल.

पहिल्या वेळी "उन्हाचं असेल, पोट बिघडलं असेल" म्हणत मी दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी मोतीच्या नाकातून रक्त आलं आणि डॉक्टर म्हणाले, "वहिनी, प्लेटलेट अकरा हजार आहेत. दोन लाखांच्या वर पाहिजेत." प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी. सहाव्या वेळी वाघ्याचे आकडे मी पंधरा मिनिटांत फोनवर सांगितले होते. ती पंधरा मिनिटं कशी वापरायची, तेवढंच इथे लिहिते. मी डॉक्टर नाही, औषधाचा डोस माझ्याकडून मिळणार नाही.

लक्षणं

खाणं सुटणं आणि मलूल पडणं ही दोन जवळजवळ नेहमी दिसतात. त्यांच्या जोडीला ताप, डोळ्यांत चिपडं, जिना चढायला नकार, एखादा पाय लंगडणं, गळ्याखाली किंवा मागच्या गुडघ्यामागे सुजलेल्या गाठी, पोटावर बारीक लाल ठिपके. जास्त वाढलं तर नाकातून रक्त, काळी डांबरासारखी शी, कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी. सगळी एकदम कधीच दिसत नाहीत. वाघ्याच्या वेळी फक्त एवढंच होतं की तो सोफ्यावर उडी मारायच्या जागी पुढचे दोन पाय ठेवून आमच्याकडे बघत राहिला.

तपासण्या करत बसू नका, निघा

खालीलपैकी एक जरी दिसलं तर पुढचं वाचणं सोडा आणि गाडी काढा:

- हिरड्या पांढऱ्याफटक, निळसर किंवा करड्या
- उभं राहता येत नाही, किंवा उभं राहून कोसळतं
- शांत पडलेलं असताना धाप, पोट आत-बाहेर करून श्वास
- नाका-तोंडातून, शीतून किंवा लघवीतून रक्त
- पोट फुगलंय आणि ओकायचा प्रयत्न करतंय पण काही बाहेर पडत नाही (मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत जठराला पीळ पडतो, इथे तासांचा हिशोब असतो)
- झटका पाच मिनिटांहून जास्त, किंवा एकामागून एक
- उंदराचं औषध खाल्ल्याची किंवा साप चावल्याची नुसती शंका
- सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू, उलट्या आणि रक्ताची हगवण

आणखी एक. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली नसेल आणि त्याचं वागणंच बदललं असेल, लाळ गळत असेल, पाणी गिळता येत नसेल, तर तोंडात हात घालून हिरड्या बघायच्या भानगडीत अजिबात पडू नका.

१. हिरड्या (फुकट, अर्धं मिनिट)

सगळे आधी नाक बघतात. नाक कोरडं म्हणजे ताप, ओलं म्हणजे ठीक, असं काही नसतं. झोपून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचंही नाक कोरडं असतं. बघायच्या त्या हिरड्या. दारात उजेडाला न्या, वरचा ओठ उचला. रंग गुलाबी हवा. बोटाने हिरडी दाबा, पांढरी पडेल, बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी झाली पाहिजे.

हे महत्त्वाचं का, तर गोचीड तापाचे आपल्याकडे दोन मुख्य प्रकार. एर्लिकिया पांढऱ्या पेशींत शिरतो आणि प्लेटलेट पाडतो. बबेसिया तांबड्या पेशींत शिरतो आणि त्या फोडतो. तांबड्या पेशी फुटल्या की हिरड्या आधी फिकट आणि मग पिवळट होतात. हे घरबसल्या दिसतं, आणि कुत्र्याला किती वेळ आहे ते यावरूनच कळतं.

काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. मोतीच्या तशाच होत्या. मग खालची पापणी अलगद खाली ओढून आतला रंग बघायचा. माझी एक सवय सांगते: कुत्रं ठणठणीत असताना हिरड्यांचा फोटो काढून ठेवते, त्याच दारात, सकाळच्याच उजेडात. आजारपणात "जरा फिकट वाटतात का हो?" यावर घरात चौघांची चार मतं असतात, फोटो समोर धरला की वाद मिटतो.

ओठ उचललाच आहे तर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत का तेही बघा. मग उताणं पाडून पोट आणि कानाच्या पाळीची आतली बाजू. ठिपक्यावर पारदर्शक काच किंवा प्लॅस्टिकचा डबा दाबून धरा. पिसवा चावल्याचा लालपणा दाबल्यावर जातो, प्लेटलेट कमी झाल्याने आलेला ठिपका तसाच राहतो.

२. श्वास मोजा (फुकट, एक मिनिट)

पंख्याखाली शांत पडलेलं असताना छाती किती वेळा वर येते ते मोबाइलच्या घड्याळावर एक मिनिट मोजा. तीसच्या आत असेल तर ठीक. चाळीसच्या वर जातंय, पुन्हा मोजलं तरी जातंय, तर डॉक्टर. रक्तात तांबड्या पेशी कमी झाल्या की शरीर श्वासाचा वेग वाढवून भरपाई करतं. जीभ बाहेर काढून उन्हातून आल्यासारखं धापणं वेगळं, ते यात मोजू नका.

३. थर्मामीटर (दीड-दोनशे रुपये)

साधं डिजिटल थर्मामीटर, फक्त कुत्र्यासाठी वेगळं ठेवलेलं आणि वर ठळक लिहिलेलं. आमच्याकडे एकदा सासूबाईंनी ते स्वतःसाठी घेतलं होतं, त्याची आठवण घरात अजून काढली जाते. टोकाला खोबरेल तेल, शेपटी वर, गुदद्वारात साधारण एक इंच, आवाज होईपर्यंत धरायचं. एकाने तोंडाजवळ बसून बोलत राहायचं.

कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. त्यामुळे हात लावून "तापलंय" म्हणण्याला अर्थ नाही. १०३ च्या वर ताप. १०४ म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर. उन्हातून किंवा बंद गाडीतून आलं असेल आणि १०५-१०६ दाखवत असेल तर तो गोचीड ताप नव्हे, उष्माघात. लगेच नळाचं पाणी अंगावर, पोटाखाली, पंजांवर ओता, पंखा लावा आणि तसंच ओलं घेऊन निघा. ९९ च्या खाली आलं तर तेही तितकंच वाईट. ताप उतरला म्हणून हायसं वाटतं, पण मलूल कुत्र्याचं अंग गार पडणं म्हणजे अवस्था हाताबाहेर चाललीय.

आणि ताप आहे म्हणून क्रोसिन, कॉम्बिफ्लॅम, डिस्प्रिन यातलं काहीही देऊ नका. "लहान मुलांचं सिरप आहे, अर्धा चमचा" हेही नको. पॅरासिटामॉल कुत्र्याच्या यकृताला आणि रक्ताला बाधतं. आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन जठराला जखमा करतात, आणि ज्याच्या प्लेटलेट आधीच पडल्यात त्याला पोटात रक्तस्राव व्हायला तेवढं पुरतं.

४. लघवी आणि शी (फुकट)

बागेत सोडलं की मातीत रंग कळत नाही. पांढरा टिश्यू किंवा जुन्या धोतराचा तुकडा लघवीखाली धरा. गर्द पिवळी असेल तर पाणी कमी पडलंय किंवा कावीळ आहे. कोऱ्या चहासारखी असेल तर तांबड्या पेशी फुटताहेत, बहुधा बबेसिया, आजच डॉक्टर. पावसाळ्यात, घराभोवती उंदीर असतील आणि हिरड्या पिवळ्या दिसत असतील, तर लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराची, शंका धरा. तो माणसालाही होतो, लघवी पुसताना हातमोजे घाला.

५. गोचीड शोधा (फुकट, वीस मिनिटं)

हे मुद्दाम पाचव्या नंबरावर ठेवलंय. लोक यापासून सुरुवात करतात आणि इथेच फसतात. शेजारच्या काकू दर वेळी म्हणतात, "अगं, अंगावर एकसुद्धा गोचीड नाही, मग गोचीड ताप कसला?" गोचीड रक्त पिऊन केव्हाच गळून पडलेली असते. चावल्यापासून ताप यायला एक ते तीन आठवडे जातात. एर्लिकिया तर लपून बसतो: कुत्रं खातं-पितं, खेळतं, आणि आत प्लेटलेट महिनोन्महिने कमी असतात. म्हणून गोचीड सापडली तर शंका पक्की होते, सापडली नाही तर काहीच सिद्ध होत नाही.

शोधायच्या जागा: पंजाच्या बोटांमधल्या बेचक्या, कानाच्या आत आणि मागे, पट्ट्याखाली, काखा, जांघा, शेपटीच्या मुळाशी. नर आणि पिल्लं तिळाएवढीच असतात. रक्त प्यायलेली मादी एरंडाच्या बीसारखी टम्म. सापडली की चिमटा कातडीला टेकवून सरळ वर ओढायचा, पीळ द्यायचा नाही. नखाने चिरडायची नाही. स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. रॉकेल, उदबत्तीचा चटका, फिनेलची आंघोळ, हे सगळं आमच्या भागात अजून चालतं आणि सगळं वाईट. सर्वांत वाईट म्हणजे शेतात फवारायचं किंवा गोठ्यातलं औषध अंदाजाने पाण्यात घालून चोळणं. त्याने लाळ, थरथर, झटके येतात, आणि गोचीड तापाऐवजी विषबाधेचं कुत्रं घेऊन दवाखान्यात जावं लागतं.

६. दुसरं काही नाही ना?

आता ते एकदा भलतंच निघालेलं प्रकरण. राणी, सात वर्षांची, नसबंदी न केलेली. मलूल, खात नाही, ताप १०३.४. मला वाटलं, आला परत टिक फीवर. फोनवर डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला: "हीटवर, म्हणजे माजावर, कधी आली होती?" दीड महिना झाला होता. "पाणी जास्त पितेय का?" पीत होती, दोन दिवस तिचं भांडं मी तीन-तीनदा भरत होते आणि तो उन्हाळा समजत होते. गर्भाशयात पू झाला होता. बाहेर एक थेंब आला नव्हता, म्हणून मला कळलं नाही. त्याच दुपारी ऑपरेशन झालं.

तेव्हापासून फोन करण्याआधी हे स्वतःला विचारते. मादी असेल तर हीट कधी झाली? घरात किंवा शेजारी उंदरांचं औषध कोणी टाकलंय का? (त्याने रक्त गोठणं बंद होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, आणि चित्र हुबेहूब गोचीड तापासारखं दिसतं, पण उपचार वेगळा.) काल ऊन, लांब प्रवास, नवीन औषध, कचऱ्यातलं काही? लसी कधीच्या?

७. रक्त तपासणी (इथून पुढे डॉक्टर)

हिरड्या ठीक, श्वास ठीक, ताप १०३ च्या आत, पाणी पितंय, तर एक जेवण चुकलं म्हणून धावू नका. पण चोवीस तास काहीच खाल्लं नाही, किंवा ताप १०३ च्या वर, तर थांबू नका. डॉक्टरांकडे सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी मागा, आणि त्याबरोबर रक्ताचा स्मिअर म्हणजे काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. आमच्याकडे दोन्ही मिळून हजाराच्या आत होतं.

स्मिअरचा आग्रह का? मशीन प्लेटलेट मोजताना चुकतं, गुठळ्या झाल्या असतील तर आकडा उगीचच कमी दाखवतं. माणूस डोळ्याने बघतो तेव्हा गुठळ्याही दिसतात आणि नशीब असेल तर पेशीच्या आत बसलेला जंतूही. नशीब असेल तर म्हणते, कारण स्मिअर स्वच्छ आला म्हणजे आजार नाही असं होत नाही.

पुढची पायरी झटपट किट. त्यात रक्तातली प्रतिद्रव्यं बघतात. किट नवीन असताना मी त्यावर फार विसंबले. दोन गोष्टी उशिरा कळल्या. मागच्या वर्षी होऊन गेलेला एर्लिकियाही ते पॉझिटिव्ह दाखवतं. आणि बऱ्याच किटमध्ये बबेसिया नसतोच, तेव्हा "टेस्ट निगेटिव्ह" ऐकलं की कशासाठी निगेटिव्ह ते विचारा. पीसीआर, म्हणजे रक्तात जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी, सर्वांत भरवशाची आणि महाग, नमुना शहरात पाठवावा लागतो, दोन-तीन दिवस जातात. ती औषध सुरू करण्याआधीच्या रक्तावर करायची असते.

दवाखान्यात शिरतानाच सांगा की प्लेटलेट कमी असण्याची शंका आहे, म्हणजे सुई कुठे आणि कशी टोचायची ते डॉक्टर बघतील आणि नंतर जागा नीट दाबून धरतील. नाकातून रक्त येत असेल तर वाटेत नाकात कापूस कोंबू नका. शांत ठेवा, नाकाच्या वरच्या हाडावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ धरा.

८. औषध चालू झाल्यावर

एर्लिकियाला साधारण डॉक्सीसायक्लिन देतात, २८ दिवस. यात दोन सापळे आहेत.

पहिला: गोळी सुरू केल्यावर एक-दोन दिवसांत कुत्रं उठून भुंकायला लागतं. पाचव्या दिवशी घरचे म्हणतात, "झालं की बरं, कशाला गरम औषधं?" मोतीला दुसऱ्यांदा ताप आला तो असाच, नवव्या दिवशी मी गोळ्या बंद केल्यामुळे. दुसरा: गोळी आपण सवयीने दूध-भाकरीत घालून देतो. दुधातल्या कॅल्शियममुळे ती नीट शोषली जात नाही. नुसत्या भाताच्या गोळ्यात किंवा चिकनच्या तुकड्यात द्या. कोरडी गोळी घशात टाकून सोडू नका, अन्ननलिकेत चिकटली तर तिथे जखम करते. मागून दोन घास आणि पाणी हवंच.

तीन दिवस झाले आणि काहीच फरक नाही, तर डॉक्टरांना बबेसियाबद्दल विचारा. दोन्ही एकदम असू शकतात, एकच गोचीड दोन्ही देऊ शकते, आणि बबेसियाची औषधं वेगळी आहेत. पपईच्या पानांचा रस मीही दिलाय, पण तो गोळीच्या जागी नाही.

हिमोग्लोबिन फार खाली गेलं, चार-पाचच्या आसपास, की रक्त चढवायचा विषय निघतो. हे घरात काय, लहान दवाखान्यातही होत नाही. आम्हाला शिरवळ जवळ पडतं, तिथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. परळ, नागपूर, परभणी, उदगीर इथेही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. निघण्याआधी फोन करा, रक्तदाता आपल्यालाच न्यावा लागतो. पंचवीस किलोंच्या वरचं, लसी झालेलं, तरणं कुत्रं लागतं, आणि त्याला कधीही गोचीड ताप झालेला नसावा. बरं झालेल्या कुत्र्याच्या रक्तातही बबेसिया लपलेला राहू शकतो. म्हणून मोती चांगला ३० किलोंचा असूनही वाघ्याला रक्त लागलं तेव्हा चालला नसता. गल्लीतला एक जर्मन शेफर्ड उपयोगी पडला, त्याच्या मालकांना अजून दर दिवाळीला करंज्या जातात.

९. परत-परत का होतं

पाच वेळा ताप आल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला की मी कुत्रं दुरुस्त करत होते आणि बिघाड भिंतीत होता.

आम्ही सगळं खापर शेजारच्या गोठ्यावर फोडायचो. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड ही गाई-म्हशींवरच्या गोचिडीहून वेगळी, ती कुत्र्यावर आणि घरातच वाढते. पिल्लू, तरुण, मोठी अशा तीन टप्प्यांत ती तीनदा कुत्र्यावर चढून तीनदा उतरते. शेवटी उतरलेली मादी भिंतीवर वर चढते आणि फटीत हजारोंनी अंडी घालते. उपाशी मोठी गोचीड वर्षभरही तग धरते. म्हणून एकदा औषध मारून भागत नाही.

ज्या दिवशी मी टॉर्च घेऊन व्हरांड्यात बसले, तेव्हा जिथे वाघ्या झोपतो त्याच्या वर, कमरेच्या उंचीवर, दाराच्या चौकटीच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसले. काडीने उकरले तर त्यातले काही चालायला लागले.

मग आम्ही हे केलं. कुत्र्याला गोचीड मारणारी, महिन्याची किंवा तीन महिन्यांची चावायची गोळी डॉक्टरांना विचारून, तारीख न चुकवता, हिवाळ्यातही (झटक्यांचा त्रास असलेल्या कुत्र्याला यातल्या काही चालत नाहीत, ते आधी सांगा). फटी सिमेंटने बुजवल्या, चौकटीला पुट्टी भरली. अंथरूण गोणपाटाचं होतं ते जाळलं, आता धुता येईल अशी चादर, दर रविवारी उकळत्या पाण्यातून. फवारणी पेस्ट कंट्रोलवाल्याकडून, कुत्र्याला दिवसभर बाहेर ठेवून, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा, कारण अंड्यांवर औषध चालत नाही. घरात मांजर असेल तर पेस्ट कंट्रोलवाल्याला आधी सांगा, कुत्र्याला चालणारी काही औषधं मांजराचा जीव घेतात.

वाघ्याचं शेवटचं सीबीसी गणपतीआधी केलं. प्लेटलेट २ लाख ४० हजार. चौकटीची पुट्टी एका कोपऱ्यात परत तडकलीय, रविवारी भरायचीय.